भोकरचा वीतभर बांध

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक आदरणीय हणमंतराव साहेब, व्यासपीठावर शाल अंगावर घेऊन संकोचून बसलेले आपले सत्कारमूर्ती गुरुबसप्पा अप्पा, त्यांच्या शेजारी बसलेल्या बसम्माकाकू, नांदेड, लातूर, निलंगा, भोकर, धर्माबाद अशा सगळ्या ठिकाणांहून आपापली दुकानं बंद ठेवून आलेले ठिबकचे विक्रेते बंधू, माझे ऑफिसमधले सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत बसलेले दोन पाहुणे, ज्यांना मी परवा फोन करून बोलावलं पण कशासाठी ते सांगितलं नाही, अशा आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी पुनम. बहुतेकांना माझा आवाज फोनवरून ओळखीचा आहे. "ताई, नकाशा उघडून न्हाई राहिला" असा फोन आला की तो उचलणारी मीच. माझ्या हातात हे चार कागद आहेत. आठ दिवस बसून लिहिले. यात अप्पांचा जन्म निलंगा तालुक्यातला, भूमापन खात्यात त्यांची तीस वर्षं नोकरी, निवृत्तीनंतर बारा वर्षं आमच्याकडं, असं सगळं क्रमानं आहे. पण आता मी ते वाचणार नाही. कागद इथं ठेवते. सृष्टी, तू सूत्रसंचालन करून राहिलीस, तुझ्या कार्यक्रमपत्रिकेत मला सात मिनिटं आहेत हे मला ठाऊक आहे. थोडी जास्त लागतील.

कागद बाजूला का ठेवले? माझ्या आधी भोकरचे श्रीमंतराव बोलले. फार छान बोलले. आणि बोलता बोलता म्हणाले, "अप्पांच्या हातची मोजणीची साखळी उभ्या आयुष्यात एकदाच घसरली, अन् तीबी आमच्याच भोकरात." तुम्ही सगळे हसलात. साहेब हसले. अप्पाही हसले. तिसऱ्या रांगेतल्या पाहुण्यांना मी नंतर बाजूला घेऊन काय ते सांगणार होते, पण हे ऐकून मला खुर्चीत बसवेना. श्रीमंतराव, तुमचा दोष काहीच नाही. तीन वर्षांपासून भोकरात लोक हेच म्हणतात आणि तुम्ही तेच म्हणालात. पण ती साखळी घसरली नव्हती. ते मला माहीत आहे, आणि या हॉलमध्ये आणखी एकाच माणसाला माहीत आहे. ते सांगितल्याशिवाय मी अप्पांच्या हातात नारळ देऊ देणार नाही.

अप्पा, हात हलवू नका. मी बसणार न्हाई.

तर सुरुवातीपासून सांगते. आपलं 'शेतरेषा' हे सॉफ्टवेअर तुमच्या सगळ्यांच्या दुकानात आहे. शेताच्या खुणा मोजून आणायच्या, संगणकात घालायच्या, मग पडद्यावर शेत उमटतं, त्यात विहीर, बांध, ठिबकची मेन लाईन, सगळं दिसतं. कागद छापून माणसं शेतात जातात आणि त्यावर लिहिलेल्या अंतरानं चुन्याची फक्की मारून चर खोदतात. आता हे पडद्यावर रेघा काढायचं काम आम्ही स्वतः करत नाही. ते तयार मिळतं. त्याला आमच्या धंद्यात ग्राफिक्स लायब्ररी म्हणतात. आपण तिला सांगायचं, इथून इथपर्यंत हिरवी रेघ ओढ, ती ओढते. तुम्ही घर बांधताना दारं-खिडक्या तयार आणता, तसं समजा. एकदा बसवली की सगळं घर तिच्यावर बसतं, म्हणून निवडताना माणूस दहा वेळा विचार करतो. करायला पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी आमची जुनी लायब्ररी मोडीत निघाली. बनवणाऱ्यांनी तिच्याकडं बघणं सोडून दिलं, आणि नव्या विंडोजवर रेघा लुकलुकायला लागल्या. बदलणं भाग होतं. समोर दोन होत्या. एक साधी, संथ, प्रोसेसरवरच रेघा काढणारी. दुसरी ग्राफिक्स कार्डाला कामाला लावणारी, लई झपझप. नांदेडच्या ऑफिसात मी दोन्हींचं प्रात्यक्षिक दिलं. दोन्हींचं म्हणते, पण खरं तर एकीचंच. साधीवर मी दोन मिनिटं घालवली आणि झपझपवर पाऊण तास. माऊसचं चाक फिरवलं की अख्खं शिवार गरकन जवळ यायचं, पुन्हा लांब जायचं. साहेब म्हणाले, "वा, काय गुळगुळीत चालतंय." साहेब, आठवतंय ना? तुम्ही चहाचा कप हातात धरून तीनदा चाक फिरवलं होतं.

मागच्या खुर्चीवर अप्पा बसले होते. दुकानांसाठी शेतं मोजणं हे त्यांचं रोजचं काम, आणि त्याशिवाय आणखी एक. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली की ती घेऊन शेतात जायचं, जीपीएसचं यंत्र आणि जुनी साखळी दोन्हींनी मोजायचं, आणि नकाशा जमिनीशी जुळतो का ते बघायचं. त्यांना कोड येत नाही, आणि येतो असं त्यांनी कधी दाखवलंही नाही. त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "पुनमताई, रेघ छान काढतंय. पर आपण दिलेला आकडा ते कशात ठेवतंय?"

आता तुम्ही सांगा, यापेक्षा नेमका प्रश्न कोणत्या इंजिनिअरनं विचारला असता? मी चार वर्षं पुण्यात शिकले. मला तो पडला नाही. आणि मी काय उत्तर दिलं? मी म्हणाले, "अप्पा, साखळीचे दिवस गेले आता." सगळ्यांसमोर म्हणाले. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला.

ते रागावले नाहीत. ते रागावत नाहीत हीच तर अडचण आहे. निलंग्याकडच्या घरात कानडी असते, त्यांच्या तोंडी एक शब्द कायम, "इरली." म्हणजे असू दे. म्हणाले, "इरली. पर मला एक महिना द्या. दोन्ही लायब्ऱ्या घेऊन तीन तालुक्यांत जातो. दोन्ही टोकांनी मोजल्याबिगर आम्ही सही करत न्हाई." खरीप तोंडावर होता, तुमचे रोज फोन येत होते, मला घाई होती. खोटं कशाला बोलू, घाईपेक्षा मला माझी निवड रेटायची होती. मी त्यांना महिन्याऐवजी तीन दिवस दिले. तीन तालुक्यांऐवजी एक, त्यांचा घरचा निलंगा. आणि दोन लायब्ऱ्यांऐवजी एकच, माझी.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "चार बोटं फरक येऊन राहिलाय, ताई." मी म्हणाले, "अप्पा, चार बोटं तुमच्या हाताची असतील."

पाणी पिते जरा.

त्यांची एक निळी वही आहे. भूमापन खात्यातली सवय. डावीकडं गाव, गट नंबर, तारीख, मग घेतलेलं माप, मग नकाशातलं माप, आणि शेवटच्या रकान्याला नाव 'रुजुवात'. म्हणजे ज्याचं काम तपासलं त्यानं स्वतः जुळवून बघायचं आणि सही करायची. खात्यात ते कुणाला सोडत नसत म्हणे, आमच्याकडंही नाही. निलंग्याच्या त्या नोंदीपुढं मी न जुळवता सही केली. पेन त्यांचंच होतं.

नवी आवृत्ती तुमच्या दुकानांत पोचली. तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. मी ते फोन ऑफिसात स्पीकरवर लावून सगळ्यांना ऐकवले, हेही आज सांगून टाकते.

आता तिसऱ्या रांगेतल्या पाहुण्यांची ओळख करून देते. भोकर तालुक्यातले अर्जुनराव आणि त्यांच्या सख्ख्या भगिनी नागाबाई. वडील गेल्यावर अर्जुनरावांनी बहिणीला तिचा हिस्सा दिला. कोर्टात न जाता, कुणी न सांगता, स्वतःहून दिला. आपल्याकडं असं किती जण करतात ते तुम्हीच मनात म्हणा. बहीण-भावाच्या रानांच्या मधे एक बांध आहे. नागाबाईंनी आपल्या बाजूनं त्या बांधाला लागून शेवग्याची रोपं लावली होती. त्या उन्हाळ्यात अर्जुनरावांनी ठिबक घेतलं. शेताचं माप अप्पांनी घेतलं. नकाशा श्रीमंतरावांच्या दुकानात 'शेतरेषा'वर निघाला. विहिरीपासून अमुक मीटरवर मेन लाईनचा चर, असं कागदावर छापून आलं. चर बांधाला खेटून अर्जुनरावांच्या बाजूनं जायचा होता. गड्यांनी कागदाप्रमाणं फक्की मारली आणि खोदलं. चर बांध फोडून गेला. वीतभर. चार शेवगे मुळासकट उखडले.

शहरातल्या माणसाला वाटेल, वीतभर म्हणजे काय मोठंसं? या हॉलमधल्या एकालाही तसं वाटणार नाही. नागाबाई त्या बांधावर उभ्या राहून भावाला म्हणाल्या, "दादा, हिस्सा देऊन आता विती-वितीनं परत घेऊन राहिलास का?" अर्जुनराव हातातला कागद पुन्हा पुन्हा बघत राहिले, कागदावर तसंच होतं. त्या वर्षी नागाबाई राखीला आल्या नाहीत. बांधापलीकडच्याच रानात घर, तरी आल्या नाहीत.

दिवाळीच्या आधी श्रीमंतरावांची तक्रार ऑफिसात आली तेव्हा मी तपासायला बसले. अर्ध्या दिवसात सापडलं. काय होतं ते साध्या भाषेत सांगते. शेतातल्या प्रत्येक खुणेला आपण एक मोठा आकडा देतो, विषुववृत्तापासून ती किती मीटर उत्तरेला आहे त्याचा. भोकरचा तो आकडा एकवीस लाखांच्या वर जातो. माझी झपझप लायब्ररी कार्डावर एवढा मोठा आकडा पूर्ण धरत नव्हती. त्या आकड्यांच्या घरात ती पाव मीटरच्या पायऱ्यांनीच चालते. खूण दोन पायऱ्यांच्या मधे आली की अलीकडच्या नाहीतर पलीकडच्या पायरीवर नेऊन ठेवते. विहीर एकीकडं सरकली आणि चर दुसरीकडं सरकला की झाली वीत. निलंगा दक्षिणेला, तिथला आकडा वीस लाखांच्या आसपास, तिथं पायरी निम्मी. म्हणून निलंग्याला चार बोटं आणि भोकरला वीत. अप्पांची बोटं बरोबर होती.

आणि लायब्ररीला मी दोष देणार नाही. तिच्या माहितीत हे स्वच्छ लिहिलेलं होतं. चित्र काढायला छोटे आकडे चालतात, पण माप चित्रातून परत घेऊ नका, ते वेगळं ठेवा. मी माप चित्रातूनच घेत होते, कारण तसं केल्यावर काम लवकर संपत होतं. ते पान मी वाचलं नव्हतं. रंग किती गुळगुळीत येतात ते पान मात्र दोनदा वाचलं होतं. आणि अप्पांनी पहिल्याच दिवशी काय विचारलं होतं? "आकडा ते कशात ठेवतंय?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगणार होते. खरंच सांगणार होते. सकाळी ऑफिसात आले तर श्रीमंतरावांचाच फोन. "ताई, मिटलं सगळं. अप्पा काल येऊन गेले. बांधावर दोघांना उभं करून म्हणाले, चूक माझ्या मापाची झाली, साखळी घसरली. नवा चर खोदायला ते सोता थांबले."

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगू का? मला सुटल्यासारखं वाटलं. आधी वाईट वाटलं आणि मग सुटल्यासारखं वाटलं, असंही नाही. सरळ सुटल्यासारखंच वाटलं. मी माप चित्रापासून वेगळं केलं, चार दिवसांत सुधारलेली आवृत्ती तुम्हाला पाठवली, आणि सोबतच्या टिपेत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा.' तुमच्यापैकी कुणाच्या संगणकात ती टीप अजून असेल.

साहेब, चिठ्ठी मिळाली. वेळ झाली हे मला कळतंय. दोनच मिनिटं.

त्यानंतर भोकरच्या दोन दुकानांनी अप्पांकडून माप घ्यायचं बंद केलं. "म्हातारपणी हात कापतो" असं कुणीतरी म्हणालं आणि ते धर्माबादपर्यंत गेलं. ज्या माणसानं तीस वर्षं हद्दी कायम केल्या आणि ज्याच्या एका मापावर कधी हरकत आली नाही, तो यंत्र पिशवीत घालून एसटीनं ऑफिसात यायचा आणि दिवसभर बसून राहायचा. मी पलीकडच्याच टेबलावर होते. तीन वर्षं होते. मला वाटायचं, अप्पांना स्वतःलाच खरं वाटत असेल की चूक त्यांची. मी मनाला हेच सांगत राहिले.

गेल्या सोमवारी त्यांनी मला कामाचा ताबा दिला. यंत्र, साखळी, आणि ही निळी वही. ही बघा, सोबतच आणलीय. भोकरची नोंद अशी आहे. वाचते. "माप दोनदा घेतलं. साखळीनं आणि यंत्रानं. दोन्ही टोकांनी. बरोबर. छापील नकाशा वीतभर सरकलेला." तारीख बघा. बांधावर जाऊन चूक माझी म्हणाले, त्याच दिवशीची.

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि पुढं 'रुजुवात' हा रकाना मोकळा. अख्ख्या वहीत एवढाच एक मोकळा आहे, मी पानन् पान बघितलं. दर दोन-तीन महिन्यांनी ते ही वही माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा जरा, ताई." वहीतली खुणेची दोरी त्याच पानावर असायची. मी पुढचं पान उलटून तिथं सही करायची आणि वही परत द्यायची.

मी त्यांना सोमवारीच विचारलं. "अप्पा, बांधावर खोटं का बोललात?" म्हणाले, "मशीन चुकलं म्हटलं असतं, तर त्या बाईला वाटलं असतं की भाऊ अन् मशीनवाले एक झाले. माणूस चुकला म्हटलं की माणसाला पटतंय. भाऊबीज तोंडावर आली होती, ताई." मी म्हटलं, "मग मला तरी बोलायचं होतं. तीन वर्षं?" तर ते वही माझ्याकडं सरकवून म्हणाले, "त्या रकान्यात दुसऱ्यानं सही करायची नसते."

बसम्माकाकू, तुम्ही डोळे पुसून राहिलात. तुम्हाला घरीसुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं, हे मला आत्ता कळतंय.

येत्या सोमवारी आमची पुन्हा बैठक आहे. 'शेतरेषा'ची नवी आवृत्ती, पुन्हा दोन लायब्ऱ्या समोर, आणि साहेबांनी निवड माझ्यावर सोपवलीय. खरं सांगते, आठ दिवस मला जेवण गोड लागेना. कोणती बरी, ते मला आज माहीत नाही. एवढंच माहीत आहे की या वेळी पूर्ण महिना लागेल, दोन्ही घेऊन जाईन, आणि सुरुवात भोकरपासून करीन. अर्जुनराव, नागाबाई, तुमच्या बांधावर साखळी धरायची परवानगी द्या. अप्पा आजपासून घरी बसणार, पण साखळीचं दुसरं टोक धरायला मी त्यांना निलंग्याहून बोलावणार आहे. काकू, तुमचीही परवानगी पाहिजे.

आता पेन. अप्पा, तुमचंच द्या. इरली म्हणू नका आता. खूप झालं इरली.

केली सही. साहेब, तुम्हीही बघा. श्रीमंतराव, इकडं या, तुम्हीही बघा.

नागाबाई उभ्या राहिल्यात. बोला, मावशी. माईक नको? बरं. मागं ऐकू गेलं नसेल, मीच सांगते. नागाबाई म्हणतात, "त्या दिशी हा माणूस उन्हात माझ्या बांधावर उभा व्हता. चूक माझी म्हनला अन् पानी मागितलं. मी दिलं न्हाई." मावशी, खाली बसू नका, वर या. तांब्या इथं टेबलावरच आहे. या, सावकाश या, पायरी आहे.

त्या येईपर्यंत मी माझं बोलणं संपवते. अध्यक्षांनी वेळ उलटून गेल्यावरही मला बोलू दिलं, तुम्ही एवढ्या लांबून येऊन शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मी सर्वांची मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द कमी-जास्त गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. वीतभर बांधाचं मात्र पोटात घालू नका. भोकरला परत गेलात की दुकानात, चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, जिथं जिथं ती साखळीची गोष्ट सांगितली होती, तिथं तिथं माझं नाव घेऊन सांगा. श्रीमंतराव, सुरुवात तुमच्यापासून.

धन्यवाद.